निकेलचे 0.6: फिरस्त्या इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्व शिकायचं कसं

एम.एस्सी.च्या वर्गात चुंबकत्व सुरू करताना मी फळ्यावर आधी तीन आकडे लिहितो. लोखंड 2.2, कोबाल्ट 1.7, निकेल 0.6. दर अणूमागे किती चुंबकीय मोमेंट, बोर मॅग्नेटॉनमध्ये मोजलेला. एका वर्षी साक्रीकडच्या एका मुलाने मागच्या बाकावरून विचारलं, "सर, हाई 0.6 काय शे? इलेक्ट्रॉन काय अर्धा-पाऊण ऱ्हास का?" त्या तासाला मी पुढचं काही शिकवलं नाही. तो एक प्रश्न पुरला.

एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा मोमेंट एक मॅग्नेटॉन. प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या अणूवर ठाण मांडून बसला असता, तर मोमेंट एक, दोन, तीन असे पुरे आकडे आले असते. निकेलमध्ये 0.6 येतात, कारण तिथे हिशोब एका अणूचा नसतो. ज्या इलेक्ट्रॉनांमुळे निकेल चुंबक होतं तेच इलेक्ट्रॉन धातूभर फिरत असतात, आणि 0.6 ही साऱ्या धातूची सरासरी आहे. अशा फिरस्त्या इलेक्ट्रॉनांतून चुंबकत्व कसं उभं राहतं, ते शिकायला बसणाऱ्यासाठी हा लेख आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत बी.एस्सी. झालेल्या, फर्मी पातळी आणि पाउलीचं तत्त्व ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला तो झेपावा, अशा बेताने लिहिला आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 1907 सालचं वाइसचं आण्विक क्षेत्र शिकवतात, मग 1928 सालचं हायझेनबर्गचं एक्स्चेंज, आणि प्रकरण मिटतं. दोन्हींत अणूवर बसलेले छोटे चुंबक आधीच धरलेले असतात. मीही तसाच शिकलो आणि पुढे त्याचा बराच त्रास झाला. म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करायला सांगतो.

पायरी पहिली: नाणी आणि एक चुंबक

घरातला जुना डबा उपसा. 1990च्या दशकापासूनचे स्टीलचे रुपये चुंबकाला चिकटतात. त्याच काळातला जाड, जड पाच रुपयांचा ठोकळा चिकटत नाही. तो क्युप्रोनिकेलचा आहे: 75 टक्के तांबं, 25 टक्के निकेल. आजोबांच्या पेटीत 1947 सालचा, मागे वाघ असलेला रुपया सापडला तर तो शुद्ध निकेलचा आहे, आणि तो झटकन चिकटतो. पाव भाग निकेल असूनही पाच रुपयांच्या ठोकळ्यात चुंबकत्वाचा अंशही उरत नाही. का?

वहीत हिशोब मांडा. आर्गॉनच्या कवचाबाहेर निकेलकडे 10 इलेक्ट्रॉन असतात. धातूत त्यांतले साधारण 9.4 इलेक्ट्रॉन 3डी बँडमध्ये आणि 0.6 इलेक्ट्रॉन 4एस बँडमध्ये वाटले जातात. डी बँडमध्ये वरच्या स्पिनच्या 5 जागा आणि खालच्या स्पिनच्या 5 जागा. वरच्या पाचही भरल्या, खालच्या 4.4 भरल्या. फरक 0.6. साक्रीच्या मुलाचा अर्धा-पाऊण इलेक्ट्रॉन इथून आला.

आता तांबं मिसळा. तांब्याकडे 11 इलेक्ट्रॉन, निकेलपेक्षा एक जास्त. हा जादा इलेक्ट्रॉन डी बँडमधली रिकामी जागा भरतो असं धरलं, तर 60 टक्के तांब्याला रिकाम्या जागा संपतात आणि मोमेंट शून्य होतो. मोजमापातही तो तिथेच कुठेतरी संपतो. पाच रुपयांच्या नाण्यात तांबं 75 टक्के, म्हणजे सीमा कधीच ओलांडलेली. जस्ताकडे 12 इलेक्ट्रॉन. तर मग किती टक्के जस्ताने निकेल मरेल? उत्तर काढा आणि मगच पुढे वाचा.

हाच हिशोब उलट्या दिशेला न्या. 10.6 मधून इलेक्ट्रॉनांची संख्या वजा करायची. कोबाल्टकडे 9 आहेत, उत्तर 1.6, मोजलेला आकडा 1.7. छान जुळलं. लोखंडाकडे 8 आहेत, उत्तर 2.6, पण मोजलेला आकडा 2.2. इथे जुळत नाही, आणि हे न जुळणं फार मोलाचं आहे. लोखंडात वरच्या स्पिनचा डी बँडही पुरता भरलेला नसतो, दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या राहतात. म्हणून एरवीचं सगळ्यांत दमदार लोखंड या शास्त्राच्या भाषेत 'दुर्बल' फेरोमॅग्नेट, आणि 0.6 वालं निकेल 'सबळ'. हा शब्दांचा घोळ नीट ध्यानात ठेवा, तोंडी परीक्षेत इथे भलेभले अडकतात.

एक सावधगिरी. तांब्याचा इलेक्ट्रॉन निकेलच्या भोकात जाऊन पडतो, हे चित्र शब्दशः खरं नाही. फोटोएमिशनच्या (प्रकाश पाडून धातूतून निघालेले इलेक्ट्रॉन मोजण्याच्या) प्रयोगांत तांब्याच्या डी पातळ्या निकेलच्या पातळ्यांपासून वेगळ्या, खाली बसलेल्या दिसतात. एकूण बेरीज मात्र बरोबर येते. हा हिशोब वापरा, त्यावर श्रद्धा ठेवू नका.

पायरी दुसरी: दोन शेततळी

आता मूळ प्रश्न. वरच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन जास्त आणि खालचे कमी, असं आपण मघाशी धरून चाललो. पण ते आपणहून असे का वाटले जातात? 1936 मध्ये स्लेटरने निकेलसाठी आणि 1938 मध्ये लीड्सच्या एडमंड स्टोनरने सर्वसाधारण रूपात याचं उत्तर मांडलं. (स्टोनर म्हणजे तोच, ज्याच्या 1924 सालच्या इलेक्ट्रॉन-वाटपावरच्या लेखाने पाउलीला त्याच्या तत्त्वाची वाट दाखवली.) पुस्तकांत हे इंटिग्रल लावून करतात. मी रावेर-यावलच्या मुलांना शेततळ्यांनी शिकवतो. केळीला ठिबकने पाणी द्यायला खणलेलं शेततळं तिथे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि उत्तर इंटिग्रलवालंच येतं.

शेजारी शेजारी दोन सारखी शेततळी धरा, मध्ये बांध. एकात वरच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात खालच्या. पाण्याचा प्रत्येक थेंब आपली जागा अडवतो, त्याच जागी दुसरा मावत नाही. हे पाउलीचं तत्त्व. पाण्याची पातळी म्हणजे फर्मी पातळी. तळ्याचं क्षेत्रफळ म्हणजे त्या पातळीवरची डेन्सिटी ऑफ स्टेट्स (ऊर्जेच्या एककामागे इलेक्ट्रॉनांना किती जागा), तिला एन म्हणू. दोन्ही तळ्यांत पातळी सारखी आहे.

एका तळ्यातून व्ही इतकं पाणी उपसून दुसऱ्यात टाका. एकाची पातळी व्ही भागिले एन इतकी उतरली, दुसऱ्याची तितकीच चढली. पहिला थेंब उचलायला काहीच कष्ट नाहीत, शेवटचा थेंब दोन्ही पातळ्यांमधल्या पुऱ्या फरकाइतका उचलावा लागतो. सरासरी उंची व्ही भागिले एन. म्हणून एकूण खर्च: व्ही वर्ग भागिले एन. तळं पसरट असेल तर खर्च किरकोळ, विहिरीसारखं अरुंद असेल तर कंबर मोडेल.

आता मिळकत. विरुद्ध स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका अणूवर आले तर त्यांच्यात जबर अपकर्षण होतं. ती किंमत यू. एकाच स्पिनच्या दोघांना पाउली त्याच ऑर्बिटलवर भेटूच देत नाही, म्हणून त्यांना ती किंमत पडत नाही. एकूण किंमत यू गुणिले वरचे गुणिले खालचे. सुरुवातीला दोन्ही सारखे, समजा प्रत्येकी एम. उपसल्यानंतर एम अधिक व्ही आणि एम वजा व्ही. गुणाकार करून बघा: किंमत नेमकी यू गुणिले व्ही वर्ग इतकी घटते.

खर्चापेक्षा मिळकत मोठी केव्हा? यू गुणिले एन एकपेक्षा जास्त असेल तेव्हा. हीच स्टोनरची अट. दोन्ही बाजूंना व्ही वर्ग आला आणि निघून गेला, म्हणून अगदी लहानशा उपशालाही ही अट लागू होते. अट पुरी झाली की दोन्ही पातळ्या सारख्या राहूच शकत नाहीत. इथे थांबून हा हिशोब पुस्तक मिटून स्वतःच्या हाताने परत करा. ज्याला तो स्वतःचा स्वतः जमला त्याला या विषयाचा निम्मा धाक उरत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

खऱ्या धातूंत यूच्या जागी इतर इलेक्ट्रॉनांच्या पडद्यामुळे मंदावलेला एक आकडा घेतात, त्याला स्टोनर पॅरामीटर, आय, म्हणतात. 1970च्या दशकातल्या बँड-गणितांतून आय गुणिले एन साधारण असे निघाले: लोखंड 1.4, कोबाल्ट 1.7, निकेल 2.0, पॅलॅडियम 0.8. खोलीच्या तापमानाला चुंबक असणारी ही तीनच डी-धातू मूलद्रव्यं नेमकी एकच्या पलीकडे आहेत. सोडियम, ॲल्युमिनियम, तांबं, सराफ बाजारातलं सोनं यांची तळी अरुंद, ती एकपासून कितीतरी खाली. 3डी बँड अरुंद पट्ट्यात दहा इलेक्ट्रॉन कोंबतो, म्हणून तळं पसरट.

पॅलॅडियम मात्र उंबरठ्यावर उभं आहे. त्याला बाहेरून क्षेत्र दिलं की प्रतिसाद एक भागिले (एक वजा 0.8) इतक्या पटीने, म्हणजे पाचेक पटीने वाढतो. त्यात टक्क्याहून कमी लोखंड टाकलं तरी एकेका लोखंडाच्या अणूभोवती पॅलॅडियमचा सारा शेजार चुंबकीय होतो आणि दर लोखंडामागे सुमारे 10 मॅग्नेटॉनचा मोमेंट मिळतो. लोखंडाचा स्वतःचा त्यातला सुमारे 3, बाकीचा उंबरठ्यावरच्या पॅलॅडियमचा.

स्वयंपाकघरातही एक उदाहरण आहे. चांगल्या प्रतीच्या स्टीलच्या ताटात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. ते चुंबकाला चिकटत नाही. रुपयाच्या नाण्याच्या स्टीलमध्ये 17 टक्के क्रोमियम असतं, ते चिकटतं. दोन्हींत लोखंडच मुख्य. फरक अणूंच्या रचनेचा: ताटात फलक-केंद्रित (एफसीसी), नाण्यात काय-केंद्रित (बीसीसी). रचना बदलली की तळ्याचा आकार बदलतो आणि लोखंड लोहचुंबक राहत नाही. "लोखंड चुंबकीय असतं" हे वाक्य अपुरं का, ते जेवताना कळतं.

पायरी तिसरी: हे चित्र जिथे मोडतं

बहुतेक टिपणं स्टोनरच्या अटीवर संपतात. माझ्या मते खरा विषय त्यानंतर सुरू होतो, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

स्टोनरच्या चित्रात तापमान वाढलं की चुंबकत्व का जावं? फर्मी पातळीवरचे इलेक्ट्रॉन उष्णतेने वर-खाली विखुरतात, पातळीची कड बोथट होते. पण खोलीच्या तापमानाची उष्णता 0.025 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि लोखंडात वरच्या-खालच्या बँडमधलं अंतर सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इतकं अंतर अशा विखुरण्याने मिटवायचं तर हजारो अंश लागतील. गणित करून पाहणाऱ्यांना लोखंडासाठी 4000 ते 6000 केल्विन असे आकडे मिळाले. लोखंडाचं खरं क्युरी तापमान 1043 केल्विन. निकेलमध्येही हाच गोंधळ: खरं 627 केल्विन, गणितात त्याच्या चार-पाच पट.

दुसरी अडचण त्याहून बोचरी. क्युरी तापमानाच्या वर या धातूंची चुंबकग्राह्यता (बाहेरच्या क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) क्युरी-वाइस नियमाने वागते. तिची उलट संख्या तापमानासोबत सरळ रेषेत वाढते. हे तर अणूवर बसलेल्या घरबशा चुंबकांचं लक्षण! फिरस्त्या इलेक्ट्रॉनांच्या साध्या हिशोबात ती जवळजवळ स्थिर राहायला हवी, जशी पाउलीने 1927 मध्ये सोडियमसारख्या धातूंसाठी दाखवली होती.

या पेचावर दोन पिढ्या भांडल्या. एक पक्ष म्हणायचा मोमेंट अणूवर बसलेले, दुसरा म्हणायचा फिरते. नवख्याने या भांडणात बाजू घेऊ नये. दोघांकडेही निम्मं खरं होतं. फर्मी पृष्ठ मोजलं तर डी इलेक्ट्रॉन फिरतातच. आणि लोखंड तापवलं तर क्युरी तापमानाच्या वरही अणूंजवळचा मोमेंट शिल्लक असतो, फक्त दिशा विस्कटलेल्या असतात. सारंगखेड्याच्या यात्रेची गर्दी आठवा. माणसं सतत हलत असतात, एका जागी कुणीच उभं नसतं, तरीही घोडेबाजाराशी गर्दी दाट आणि नदीकाठी विरळ हे चित्र तासन्‌तास टिकतं. इलेक्ट्रॉन अणूवरून झपाट्याने ये-जा करतात, पण वरच्या-खालच्या स्पिनचा सरासरी फरक तिथे त्यांच्यापेक्षा कितीतरी सावकाश बदलतो. उष्णता आधी या फरकाची दिशा भरकटवते. त्याचं माप संपवायला तिला फार जास्त तापमान लागलं असतं.

स्टोनरने विसरलेली गोष्ट ती हीच: चढउतार, स्पिनच्या लाटा. 1972 मध्ये मुराता आणि डोनिऐक यांनी, 1973 मध्ये तोरू मोरिया आणि कावाबाता यांनी हे चढउतार हिशोबात घेतले. मोरियांच्या सिद्धांताचं मर्म असं. चढउतारांचा सरासरी वर्ग तापमानासोबत वाढतो. तो वाढला की यू ची धार तितकी बोथट होते. आणि ती बोथट झाली की चढउतार पुन्हा बदलतात. दोन्ही एकमेकांशी जुळेपर्यंत हिशोब फिरवायचा. यातून क्युरी तापमान खाली येतं, आणि आश्चर्य म्हणजे अणूवर कुठलाही कायमचा चुंबक न धरताही क्युरी-वाइसची सरळ रेषा मिळते. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत तो आलेख पुनःपुन्हा काढत बसलो होतो.

या सिद्धांताची कसोटी लागते ती क्षीण चुंबकांवर. 1958 मध्ये मॅथियास आणि बोझोर्थ यांनी झिर्कोनियम आणि जस्त यांचं एक संयुग, एका झिर्कोनियमला दोन जस्त, चुंबकीय असल्याचं दाखवलं. दोन्ही मूलद्रव्यं स्वतः चुंबकीय नाहीत! क्युरी तापमान 30 केल्विनच्या आत, मोमेंट 0.2 पेक्षाही कमी. अणूवर बसलेल्या चुंबकांनी याचा अर्थ लावून दाखवा, मग पाहू.

पायरी चौथी: आपल्या नमुन्याची परीक्षा

तुमच्या हातात मोजमापं आली तर दोन आलेख काढायला शिका. दोन्हींना कागद-पेन्सिल पुरते.

पहिला अ‍ॅरट आलेख, 1957 सालचा. वेगवेगळ्या स्थिर तापमानांना क्षेत्र बदलत चुंबकन मोजा. उभ्या अक्षावर चुंबकनाचा वर्ग, आडव्या अक्षावर क्षेत्र भागिले चुंबकन. क्षीण फिरस्त्या चुंबकात जवळजवळ समांतर सरळ रेषा मिळतात, आणि जी रेषा आरंभबिंदूतून जाते तिचं तापमान हेच क्युरी तापमान. लहान क्षेत्रापाशी रेषा वाकतात, ते डोमेनमुळे (नमुन्यातले वेगवेगळ्या दिशांना चुंबकलेले भाग). तिथले बिंदू सोडून जास्त क्षेत्राकडून रेषा मागे न्यायची असते. पहिल्या वेळी सगळेच तो वाकलेला भाग धरून चूक करतात.

दुसरं ऱ्होड्स-वोलफार्थ गुणोत्तर, 1963 सालचं. क्युरी तापमानाच्या वरच्या क्युरी-वाइस रेषेच्या उतारावरून परिणामी मोमेंट काढा. निकेलसाठी तो सुमारे 1.6. आता असा आकडा शोधा की तो गुणिले (तो अधिक दोन) बरोबर 1.6 चा वर्ग, म्हणजे 2.6 च्या आसपास. 0.9 बसतो. याला थंड अवस्थेतल्या 0.6 ने भागा: 1.5. अणूवर बसलेल्या चुंबकांत हे गुणोत्तर एकच्या आसपास असतं. झिर्कोनियम-जस्तात ते याच्या कितीतरी पुढे जातं. जितकं मोठं, तितका चुंबक फिरस्ता. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा इतका कामाचा आहे.

प्रयोगशाळेत करण्याजोगं आणखी एक: शुद्ध निकेलची पट्टी तारेने टांगा, चुंबकाने बाजूला ओढलेली ठेवा आणि बर्नरने तापवा. 355 अंश सेल्सियसच्या सुमाराला ती सुटते, थंड झाली की परत चिकटते. चुंबकावर थेट ज्योत लागू देऊ नका; निओडिमियमचे चुंबक तापल्याने कायमचे खराब होतात. आणि पट्टी खरोखर निकेलची हवी, निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाची नको.

पायरी पाचवी: उन्हाळ्यात बदलणारे दोन धातू

खानदेशात राहण्याचा या विषयाला एक खास फायदा आहे, आणि तो मी कोणत्याच पुस्तकात वाचलेला नाही. दोन धातूंचे चुंबकीय संक्रमण-बिंदू आपल्या हवामानात बसतात.

क्रोमियमचा नील बिंदू (ज्या तापमानाच्या वर त्याची चुंबकीय रचना मोडते तो) 311 केल्विन, म्हणजे 38 अंश सेल्सियस. आपल्याकडे मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो. म्हणजे भुसावळच्या फलाटावर उन्हात ठेवलेल्या शुद्ध क्रोमियमच्या तुकड्यातली चुंबकीय रचना दुपारी नाहीशी होते आणि रात्री परत येते. ही रचना म्हणजे स्पिन-घनतेची लाट. शेजारच्या अणूंचे मोमेंट एकमेकांविरुद्ध असतात, शिवाय त्यांचं माप लाटेसारखं वाढतं-घटतं, आणि लाटेची लांबी जाळीच्या एककांत पुरी बसत नाही. 20 ते 27 एककांनंतर ती फिरून येते. कारण फर्मी पृष्ठात आहे. क्रोमियममध्ये इलेक्ट्रॉनांच्या आणि होलच्या पृष्ठांचे मोठे तुकडे आकाराने इतके सारखे आहेत की एक ठराविक अंतर सरकवला तर एक तुकडा दुसऱ्यावर चपखल बसतो. त्या अंतराच्या लाटेला मिळणारा प्रतिसाद प्रचंड होतो. स्टोनरची अट इथेही तीच, फक्त साऱ्या धातूच्या एकसमान उपशाऐवजी त्या एका लाटेपुरती तपासायची. ओव्हरहाउझर आणि लोमर यांनी 1962 मध्ये हे मांडलं.

दुसरा गॅडोलिनियम, क्युरी तापमान सुमारे 20 अंश. डिसेंबरात जळगावला सकाळी तो चुंबक असतो, दुपारी नाही. पण हा आपल्या विषयाच्या विरुद्ध बाजूचा गडी. त्याचे 4एफ इलेक्ट्रॉन पक्के घरबसे, त्यांचा मोमेंट पुरा 7. फिरते इलेक्ट्रॉन फक्त एका अणूचा निरोप दुसऱ्याला पोचवतात. तरी मोजलेला मोमेंट 7.6 येतो. वरचे 0.6 त्या निरोप्यांचे, तेही या कामात थोडे रंगून गेलेले.

पायरी सहावी: हबर्डचं मॉडेल, बेताने

1963 मध्ये हबर्ड, गुट्झविलर आणि कानामोरी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच साधं मॉडेल मांडलं: इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर उडी मारतो, उडीचं माप टी, एकाच अणूवर दोघे आले तर किंमत यू. नवखे थेट याच्या संशोधन-लेखांत शिरतात आणि बुडतात. त्याआधी दोन अणू, दोन इलेक्ट्रॉन एवढंच सोडवा. एक वर, एक खाली अशा स्पिनच्या चार अवस्था, चार बाय चारचा मॅट्रिक्स. समांतर स्पिनची ऊर्जा शून्य येते. विरुद्ध स्पिनची नेहमी तिच्याखाली, आणि यू मोठा असताना ती उणे चार टी-वर्ग भागिले यू.

म्हणजे इथे तर विरुद्ध स्पिनच जिंकले! हा धक्का हवाच. कानामोरींनी दाखवलं की यू कितीही मोठा असला तरी इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळून चालायला शिकतात, त्यामुळे परिणामी यू बँडच्या रुंदीच्या आसपासच अडकतो. एका साध्या बँडमध्ये लोहचुंबकत्व मिळणं म्हणूनच कठीण. खऱ्या धातूत पाच डी ऑर्बिटल असतात आणि एकाच अणूवर समांतर राहायला सांगणारा हुंडचा नियम असतो, तो फार मदत करतो. नागाओकाचं 1966 चं प्रमेय आणि सपाट बँडवरची तासाकी-मिल्के यांची कामं सुंदर आहेत, पण ती दुसऱ्या वर्षी.

पायरी सातवी: लॅपटॉपवर लोखंड

क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. काय-केंद्रित लोखंड घ्या, जाळीची बाजू 2.87 अँगस्ट्रॉम. तीन गोष्टी चुकतात. सुरुवातीचं चुंबकन शून्य ठेवलं तर गणित शून्यावरच बसून राहतं, त्याला आरंभी थोडा कल द्यावा लागतो. के-बिंदू (इलेक्ट्रॉनांच्या लाटांच्या अवस्था जिथे तपासायच्या ते बिंदू) कमी घेतले तर फर्मी पातळीवरचा एन खोटा येतो, आणि इथे सगळं एनवरच आहे. स्मिअरिंग (फर्मी पातळीची कड गणितापुरती बोथट करणं) फार ठेवलं तर लहान मोमेंट विरून जातात. सगळं नीट केलं तर 2.2 च्या आसपास उत्तर येतं. मग चुंबकत्व बंद करून तेच गणित चालवा, एन वाचा आणि आय गुणिले एन स्वतः काढा.

त्यानंतर निकेल-ॲल्युमिनियमचं तीनास-एक संयुग करा. गणित मोमेंट दर सूत्रामागे 0.7 च्या आसपास देतं, प्रयोगात मिळतो 0.23. तुमची चूक नाही. ॲल्युमिनियमच्या जागी गॅलियम ठेवलं तर गणित त्यालाही चुंबक ठरवतं, प्रत्यक्षात ते चुंबक नाही. तिसऱ्या पायरीतले चढउतार या गणितात नसतात, त्याचा हा पुरावा तुमच्याच पडद्यावर.

प्रत्यक्ष मोजायला जाताना

विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी इंदूरला यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे, खानदेशातून सगळ्यांत सोयीचं. न्यूट्रॉन विकिरणासाठी तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीपर्यंतची वाटही याच कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रातून जाते. प्रस्ताव मार्गदर्शकांकरवी पाठवायचा, आणि त्यात नमुन्याची एक्स-रे चाचणी, वजन, हवं ते तापमान आणि क्षेत्र यांचे नेमके आकडे द्यायचे. "चुंबकीय गुणधर्म अभ्यासायचे आहेत" एवढंच लिहिलेला प्रस्ताव कुणी पुढे सरकवत नाही.

नमुना हाताळताना स्टीलचा चिमटा वापरू नका. एक ग्रॅम लोखंडाचं संपृक्त चुंबकन सुमारे 218 ईएमयू (मोमेंट मोजायचं एकक), म्हणजे चिमट्याचा एक मायक्रोग्रॅम कण लागला तरी 0.0002 ईएमयू. स्क्विड मॅग्नेटोमीटर (अतिसूक्ष्म चुंबकन मोजणारं उपकरण) त्याच्या हजारो पट लहान संकेत वाचतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा 'नवा क्षीण फेरोमॅग्नेट' आठ महिन्यांनी असाच निघाला होता. तेव्हापासून आमच्याकडे प्लास्टिकचा चिमटा नमुन्याच्या डबीतच बांधलेला असतो, आणि प्रत्येक नमुन्याआधी रिकाम्या धारकाचं मोजमाप घेतलं जातं.